पिल्लाच्या अर्जातला सत्ताविसावा प्रश्न

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कान तपासून आलात हे छान केलंत, पण डॉक्टरांनी दिलेलं यंत्र कपाटात ठेवलंय हे इतक्या सहज लिहिता, म्हणजे कमाल आहे. फोनवर मी जेवण झालं का विचारते आणि तुम्ही मला गुरुवारचं हवामान सांगता. तुमची नात भिंगरी तर हसून लोळते. तेव्हा महत्त्वाचं सगळं यापुढे पत्रातच लिहायचं असं मी ठरवून टाकलंय.

तर महत्त्वाचं म्हणजे आम्ही कुत्रं आणतोय. खुर्चीवरून उठू नका, पुढे वाचा. तुमची नात पाच वर्षांची असल्यापासून माझ्या मागे लागली आहे आणि गेली आठ वर्षं मी नन्नाचा पाढा लावलाय, हे तुम्हाला माहीत आहेच. आता तीच मला विचारते की आई, तुला झालंय काय. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, तू तेरा वर्षांची झालीस. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

परवा एक जाहिरात बघून फोन केला. तो माणूस फार गोड बोलला. कुठल्याही जातीचं, हव्या त्या रंगाचं पिल्लू तीन दिवसांत देतो म्हणाला. घरी यायची तसदी नको, बसस्टँडवर टोपलीत आणून देईन. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग डोळ्यांपुढे तुमचा चेहरा आला आणि मी फोन ठेवला. तुम्ही छत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतात आणि मी बसस्टँडवरून पिल्लू उचलून आणलं असतं, तर तुम्ही मला दारात उभं केलं नसतंत. म्हणून विचारते. चांगला ब्रीडर ओळखायचा कसा? सविस्तर लिहा. घाई थोडी आहे.

माझं ठीक चाललंय. दातांच्या लॅबमधलं कवळ्या करायचं काम आता दुसरीकडे सोपवलंय, माझ्याकडे नुसतं दातांचे रंग जुळवणं. बसून होतं आणि दुपारी एकला सुटका. भिंगरी शाळेतून येते तेव्हा मी घरी असते, याचं तिला अजून नवल वाटतं.

कानाचं यंत्र लावा. तब्येतीला जपा. माया आहेच, ती अशीच पत्रातून येत राहू द्या.

आपली,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं. बसस्टँडच्या ओळीपर्यंत आलो आणि मोठ्याने शिवी हासडली. खालचा शिंपी कात्री हातात घेऊनच बाहेर आला, त्याला वाटलं कुणी गेलं की काय. त्याला सगळी हकिगत सांगावी लागली. ज्याला स्वतःचं घर दाखवायची लाज वाटते, त्याच्याकडून जिवंत प्राणी घ्यायचा नाही. हे एक वाक्य लिहून भिंतीला चिकटव.

आता नीट वाच. पिल्लू बघायला जायचंच नाही, जायचं ते त्याची आई बघायला. आई दाखवत नाहीत, ती बाहेर गेलीय, आजारी आहे, चावते, असं काहीही सांगितलं तर आल्या पावली परत फिरायचं. आई समोर असेल तर तिच्याकडे जरा वेळ बघत बस. अंगावरची हाडं मोजता येतात का, माणूस आला की ती शेपटी हलवते की भिंतीला चिकटते, एवढ्यावरून सगळं कळतं. मग खुब्याच्या सांध्यांचे आणि डोळ्यांचे तपासणीचे कागद मागायचे, पिल्लाचे नव्हेत, आईबापाचे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू हातात ठेवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा. बाराही महिने पिल्लं तयार असतात म्हणणाऱ्याला तर लांबूनच.

आणि सगळ्यात मोठी खूण सांगतो. चांगला ब्रीडर तुझीच उलटतपासणी घेईल. घरी कोण असतं, किती वेळ असतं, जागा स्वतःची की भाड्याची, आधीचं जनावर कशाने मेलं, सगळं खोदून विचारेल. तुला राग येईल. येऊ दे. जो काहीच विचारत नाही, त्याला पिल्लू कुठे जातंय याचं सोयरसुतक नाही, एवढं समज.

त्याने विचारलं की खरं सांगायचं. गोड नाही, सोयीचं नाही, खरं. दवाखान्यात एक दुकानदार बाई कुत्रा घेऊन आल्या होत्या. त्याने काय खाल्लं हे डॉक्टरांनी चारदा विचारलं, त्या चारदा काहीच नाही म्हणाल्या. दुकानात उंदरांचं औषध ठेवलं होतं आणि रांगेतल्या लोकांसमोर ते सांगायची त्यांना लाज वाटली. सांगितलं तेव्हा कुत्रा माझ्या हातात गार पडला होता. पुढे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, की जनावराबद्दल विचारलेल्या प्रश्नाला लाज नसते.

हे बारा-तेरा वर्षांचं काम आहे, तेही आधी मोजून घे. तू बरी असशीलच. भिंगरीला सांग, पिल्लाचे दुधाचे दात पडतील ते आजोबांसाठी जपून ठेवायचे.

तुझी ओढ आहेच, ती कळवीत राहा.

तुझे,
बाबा


३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आम्ही तुमचं पत्र हातात धरून गावभर फिरत होतो. भिंगरीने त्यातल्या प्रत्येक सूचनेपुढे चौकोन काढलेत आणि ती त्यात खुणा करते. तुमच्यानंतर दवाखान्याची गादी तीच चालवणार असं दिसतं.

पहिल्यांदा गेलो ते एका मोठ्या बंगल्यात. दिवाणखान्यात सहा पिल्लं पावडर लावून, फिती बांधून मांडलेली. आई कुठे विचारलं तर फिरायला गेलीय म्हणाले. तासभर बसलो तरी तिचं फिरणं संपेना. मागच्या अंगणात पत्रे लावलेले होते आणि तिथून बारीक आवाज येत होता. भिंगरी तिकडे जायला निघाली तर त्या गृहस्थांनी तिचा दंड धरला. आम्ही तडक निघालो. वाटेत पोरगी धाय मोकलून रडली. त्यातलं एक पिल्लू उभंही राहत नव्हतं, त्याला तरी आणूया म्हणून तिने माझा जीव खाल्ला. मी तिला समजावलं, की आपण ते आणलं तर तो माणूस त्याच्या आईला पुन्हा पत्र्याआड उभी करील. तिला ते पटलं की नाही देव जाणे.

मग आम्हाला आमच्या शिट्टीबाई सापडल्या. त्या नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवतात, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून भिंगरीने हे नाव ठेवलं. बोलतातही तशाच, तोडून. त्यांच्याकडे दोन लॅब्राडोर कुत्र्या आहेत आणि दोन वर्षांतून एकदाच पिल्लं होऊ देतात. आई स्वयंपाकघरात जाड गोधडीवर पडली होती, दहा दिवसांची सात पिल्लं पोटाशी. तिने भिंगरीचा हात हुंगला, चाटला आणि पुन्हा डोळे मिटले. कागद न मागता पुढ्यात आले. आजोबांचे सगळे चौकोन भरले असं भिंगरी कानात म्हणाली.

त्यानंतर आली उलटतपासणी. चार पानांचा अर्ज, एकतीस प्रश्न. दातांच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हाही इतकं कुणी विचारलं नव्हतं. दर वर्षी पिल्लाची हकिगत लेखी कळवायची अशी अट आहे. हयगय दिसली तर कुत्रं परत घ्यायचा त्यांना हक्क आहे, तीही अट. मी अर्ज घरी आणला आणि तीन दिवस घेतले. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सगळं खरं लिहिलं.

एका रकान्यात दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव हवं होतं, म्हणजे आम्हाला जमलं नाही तर कुत्र्याला सांभाळणारं कोण. मी तुमचं नाव घातलं. न विचारता घातलं, रागावू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे कळल्यावर शिट्टीबाई म्हणाल्या की मी पत्रच लिहीन. त्या तुम्हाला लिहितील. त्यांचं पत्र येण्याआधी मी एक मोठं पत्र लिहिणार आहे, ते आधी वाचा. आज लॅबमध्ये सकाळभर दिव्याखाली बसून डोळे दुखतायत.

पिल्लाचं नाव ठरलंय, कवळी. तुमच्या नातीचा विनोद, माझ्या धंद्यावर.

जीव लावलाय तो कमी करू नका.

आपली,
ठकू


१५ मार्च

भिंगरीच्या आजोबांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या मुलीने माझ्याकडे पिल्लासाठी अर्ज केला आहे आणि दुसरी जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलं आहे. अशा व्यक्तीची लेखी संमती घेतल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. कोणत्या माहितीवर तुम्ही सही करता आहात याबद्दल शंका नको, म्हणून अर्जातली दोन उत्तरं जशीच्या तशी उतरवते. तुम्हाला ती माहीत असणारच.

सत्ताविसावा प्रश्न, कुत्र्याची मुख्य काळजी घेणाऱ्या व्यक्तीची तब्येत. त्यांचं उत्तर असं आहे: "दोन वर्षांपूर्वी आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. गेल्या नोव्हेंबरात तो यकृतात परत आला. डॉक्टर एक वर्ष म्हणतात, फार तर दीड. पहिले काही महिने पिल्लाचं सगळं मी करू शकेन. पुढचं उत्तर अठ्ठाविसाव्या प्रश्नात आहे."

अठ्ठाविसावा प्रश्न, दुसरी जबाबदार व्यक्ती: "माझे वडील. त्यांच्याइतकं जनावराला समजणारं माणूस मला माहीत नाही. त्यांना अजून विचारलेलं नाही."

बावीस वर्षांत सत्ताविसाव्या प्रश्नापुढे मी ठणठणीत याखेरीज दुसरा शब्द वाचलेला नाही. नियमाप्रमाणे मी अशा घरात पिल्लू देत नाही. दुसरी व्यक्ती पासष्टच्या वरची असली तरीही देत नाही आणि तुमचं वय एकाहत्तर लिहिलं आहे. म्हणजे हा अर्ज मी परत करायला हवा होता. तो मी जवळजवळ दोन आठवडे टेबलावर ठेवून आहे. तुमची नात शनिवारी येऊन दोन तास गोधडीशेजारी जमिनीवर बसते, पिल्लाला हात लावण्याआधी त्याच्या आईला आपला हात हुंगू देते. हे तिला मी शिकवलेलं नाही.

तरी तीन गोष्टी लेखी हव्यात. तुम्ही हे काम घ्यायला तयार आहात का. कुत्र्याचं आयुष्य बारा वर्षं धरलं, तर तुम्ही किती वर्षांची हमी देऊ शकता. आणि मुलीला तिच्या आईच्या आजाराची कल्पना दिली आहे का. अर्जात तिथे नाही असं लिहिलं आहे. लपवालपवी चाललेल्या घरात कुत्रं बिचकून वाढतं, म्हणून ते झाल्याशिवाय मी पिल्लू हलवणार नाही.

मला गोड लिहिता येत नाही. समजून घ्यावं, स्नेह धरावा.

आपली,
लॅब्राडोरवाल्या बाई (भिंगरीच्या भाषेत शिट्टीबाई, मला ठाऊक आहे)


१८ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं मोठं पत्र आलं नाही. शिट्टीबाईंचं आलं.

आधी वाटलं त्यांनी चुकून दुसऱ्याच कुणाचा अर्ज उतरवलाय. मग तुझी भाषा ओळखली. पुढचं उत्तर अठ्ठाविसाव्या प्रश्नात आहे, असं तूच लिहिणार. शाळेच्या पेपरातही असंच लिहायचीस, उत्तर मागच्या पानावर पाहावे.

दोन वर्षांपूर्वी तू मला पित्ताशयातले खडे काढले म्हणून कळवलंस. मी उत्तरात तेलकट खाऊ नकोस असं लिहिलं आणि खाली काहीतरी विनोद केला. तो विनोद आज आठवत बसलोय.

मी फार रागावलोय, ठकू. पोहायला शिकवणाऱ्या एका परक्या बाईला तू सांगितलंस आणि बापाला नाही. असं लिहिलं आणि मग तुझी सगळी पत्रं काढून बसलो. दुपारी एकला सुटका लिहिलंयस. बसून करायचं काम लिहिलंयस. घाई थोडी आहे लिहिलंयस. आठ वर्षांचं नाही एकदम हो झालं, तेही लिहिलंयस. मी उत्तरात कुत्रीच्या खुब्याच्या सांध्यांबद्दल अर्धं पान लिहिलं आणि तुझ्याबद्दल चार शब्द, तू बरी असशीलच. त्या बाईने निदान प्रश्न तरी विचारला. मी विचारलाच नाही. आयुष्यभर मुक्या जनावरांना कुठे दुखतं ते शोधत आलो आणि बोलतं लेकरू समोर लिहीत होतं, ते मला वाचता आलं नाही.

जे काय असेल ते लिही. डॉक्टरांचं नाव, औषधांची नावं, सगळं. वाचल्यावर माझं काय होईल याचा विचार करू नकोस.

शिंपी दोनदा वर येऊन गेला. मी दाराची कडी काढली नाही.

तुझे,
बाबा


२३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ते मोठं पत्र मी पाच वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी तुमच्या कानाच्या यंत्राची चौकशी लिहून झाली की पेन थांबायचं. अर्जात सोपं होतं. तिथे प्रश्न छापलेला होता आणि खाली चार ओळींचीच जागा. तेवढ्यात मावलं तेवढं लिहिलं. जनावराबद्दल विचारलेल्या प्रश्नाला लाज नसते असं तुम्हीच लिहिलं होतंत, त्या वाक्याचा मी आधार घेतला. माझं पत्र शिट्टीबाईंच्या पत्राआधी पोचायला हवं होतं, ती चूक माझी. तुम्ही त्यांचं पत्र जिन्यात उभ्याने वाचलंत का, हे मला सारखं मनात येतं.

औषधांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. तुम्हाला त्यातली निम्मी नावं कळतील आणि ती न कळती तर बरं झालं असतं. फार दुखत नाही. थकवा येतो, भूक लागत नाही, डोळे पिवळे दिसतात. दिवसभर लोकांच्या दातांचा पिवळेपणा जुळवणाऱ्या बाईला आरशात तो लगेच ओळखू येतो.

तुम्ही एकटे, आई गेल्यापासून कसेबसे सावरलेले, म्हणून पहिल्या वेळी खडे म्हटलं. बरी झाल्यावर सांगू असं वाटलं. मग खरंच बरी झाले आणि ते राहूनच गेलं.

परवा भिंगरीला सांगितलं. शिट्टीबाईंच्या अटीमुळे सांगितलं हे कबूल करते, नाहीतर मी आणखी दोन महिने ढकलले असते. जेवण आवरून तिला ओट्याशी बोलावलं आणि दोघी भांडी पुसता पुसता बोललो, म्हणजे एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एकच विचारलं, की मग मी राहणार कुठे. हातातलं पुसलेलं ताट मी पुन्हा पुसत राहिले, बाबा. तिचे वडील घर सोडून गेले त्याला सहा वर्षं झाली, त्यांचा दुसरा संसार आहे आणि तिथून चौकशीचं एक पत्र नाही. तुमच्याकडे दोन खोल्या आणि जिना. तुमच्या गावात तुमचं सगळं आयुष्य, खाली तुमचा शिंपी. मी तुम्हाला काय म्हणून विचारू? त्या अर्जात दुसरी जबाबदार व्यक्ती असा रकाना दिसला आणि मी तुमचं नाव लिहून टाकलं. कुत्र्याच्या नावाखाली विचारलं. तुम्हाला ते कळलंय, हे मला माहीत आहे.

कुत्रं का, असंही तुम्ही मनात विचारत असाल. ती शाळेतून येते तेव्हा दार मी उघडते. पुढे कुणी उघडणार नाही, कुलूप तीच काढील. तेव्हा आतून कुणीतरी धावत आलं पाहिजे, एवढंच मला सुचलं.

नाही म्हणालात तरी तुमच्यावरची माझी माया तसूभर कमी व्हायची नाही.

आपली,
ठकू


२८ मार्च

शिट्टीबाईंस,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला याच नावाने ओळखतो, राग नसावा. तुमच्या तीन प्रश्नांना क्रमाने उत्तरं देतो.

काम घ्यायला तयार आहे. मात्र दुसरी जबाबदार व्यक्ती म्हणून दूर बसून सही करणं मला मान्य नाही. माझ्या दोन खोल्या मी सोडल्या आहेत. सामान फारसं नव्हतंच, शिवणयंत्रासाठी जागा हवी म्हणून खालच्या शिंप्यानेच त्या घेतल्या. येत्या रविवारी मी मुलीकडे राहायला येतो आहे. घरात राहणारी माणसं, या रकान्यात तिने दोन लिहिलं असेल. तिथे तीन करावं.

हमीबद्दल. मला रक्तदाब आहे, डावा गुडघा दुखतो, उजव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. दवाखान्यात वयस्कर माणसं पिल्लं घेऊन यायची तेव्हा मी मनात त्यांची वर्षं मोजायचो आणि बहुतेकदा माझं गणित बरोबर यायचं. तेव्हा बारा वर्षांची हमी मी लिहिली तर ते खोटं ठरेल. पण माझी नात तेरा वर्षांची आहे. पाच वर्षांनी ती अठराची होईल, तोवर कुत्रं तिचं तीच सांभाळू लागेल आणि स्वतःलाही. ती पाच वर्षं मी देतो. कोणाच्या जोरावर देतो ते विचारू नये. आजवर मी माझ्या आयुष्याबद्दल कुणाला लेखी काही दिलेलं नाही, हे पहिलंच. यापुढे औषधं वेळेवर घेईन, कानाला यंत्र लावीन आणि जिना धरून उतरेन.

तिसरं, मुलीला सांगितलं आहे.

आणखी एक. तुम्ही न लिहिता अर्ज परत पाठवला असता, तर नियम तुमच्या बाजूने होता. मग मला हे कळलं असतं ते फार उशिरा. माझ्या लेकीबरोबरचे आठ-दहा महिने मला तुमच्या त्या चार ओळींमुळे मिळतायत. आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवतो.

पिल्लाला जंताचं औषध देऊन झालं असेलच. तरी तारीख कळवावी. स्नेह जुळलाच आहे, तो टिकावा.

आपला,
भिंगरीचा आजोबा


२६ एप्रिल, पुढच्या वर्षी

शिट्टीबाईंस,
स. न. वि. वि. (आजोबा म्हणाले सुरुवात अशी करायची.)

कवळीला आमच्याकडे येऊन एक वर्ष झालं. वार्षिक हकिगतीचा कागद माझ्या नावाने आला, म्हणून मी भरते आहे.

वजन सव्वीस किलो. लशी सगळ्या झाल्या, कार्ड जोडलंय. खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे काढला, चांगला आहे. दोन वेळा जेवते आणि मधे चोरून खाते ते वेगळं. तोडलेल्या वस्तूंमध्ये शाळेचा एक बूट, खुर्चीचा पाय आणि आजोबांचा चष्मा. आजोबा तिला ओरडतात आणि मग मला दिसणार नाही असं बघून बिस्किट देतात.

घरातल्या माणसांमध्ये झालेला बदल. आई ११ मार्चला सकाळी घरीच गेली. आजोबा तिच्याजवळ होते, मीही होते. आता आम्ही दोघं आहोत.

पुढचा प्रश्न कुत्र्याकडे वर्षभरात दुर्लक्ष झालं का असा आहे. नाही असं लिहून मी तो कागद पाकिटात घातला होता. पुन्हा बाहेर काढला. झालं आहे.

जायच्या आदल्या संध्याकाळी आई थोडं बोलली. तिने मला विचारलं की कवळीला फिरवून आणलंस का. मी आणते म्हणाले. त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही, झोपूनच होती. म्हणजे माझ्याशी तिचं शेवटचं बोलणं कवळीबद्दल झालं. मला त्याचा इतका राग आला की मी कवळीला आठ दिवस हात लावला नाही. मला वाटायचं की आईने हिला आणून ठेवलं म्हणून ती इतकी निर्धास्त झाली आणि लवकर गेली. असं नसतं हे मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

ते आठ दिवस आजोबांनी तिला दिवसातून तीनदा खाली नेलं, त्यांचा गुडघा सुजलेला असताना. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला. कवळी दाराशी जाऊन रडत होती, मी आत अभ्यासाला बसले होते आणि मला ऐकू येत होतं. मी उठले नाही. शेवटी तिने खोलीतच घाण केली. मी बाहेर येऊन तिला इतकी ओरडले की ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि संध्याकाळपर्यंत वळली नाही. तिला मी वाढवलंय, तरी ती माझ्याकडे बघायला घाबरत होती. हे आजोबांना माहीत नाही. हे पत्रही त्यांनी वाचलेलं नाही. काय लिहायचं विचारलं तर ते म्हणाले, कागद तुझ्या नावाने आलाय, तूच ठरव.

हयगय झाली तर कुत्रं परत घ्यायचं अशी तुमची अट आहे आणि त्यावर आईची सही आहे. मी ती वाचली. आता मी कवळीला सकाळी आणि शाळेतून आल्यावर स्वतः नेते, एकही दिवस चुकवलेला नाही. तुम्ही येऊन बघू शकता, आजोबांना विचारू शकता. पण ते आठ दिवस झाले आहेत आणि ते मी लिहिलं आहे.

तिला परत नेऊ नका.

पत्राच्या शेवटी मोठ्या माणसांना लोभ ठेवा असं लिहायचं असतं. तिच्यावर ठेवा आणि जमलं तर थोडा माझ्यावर.

आपली,
भिंगरी